माउथ ऑर्गन, जीभ आणि सातवे छिद्र

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत शिकण्याजोग्या वाद्यांविषयी जे पान आले होते, त्यात माउथ ऑर्गनला अर्धे पान मिळालेले पाहून मला मनापासून आनंद झाला. कारण तबला, पेटी, गिटार आणि की-बोर्ड यांच्या पंगतीत खिशात मावणाऱ्या या बाजाला सहसा कोणी पाट मांडत नाही. लेख आस्थेने लिहिलेला होता. बाजा कसा धरावा, वाजवण्याआधी चूळ का भरावी, एकाचा बाजा दुसऱ्याने तोंडाला का लावू नये, हे सारे त्यात नीट सांगितले होते. मात्र त्यातील एका विधानाविषयी आणि सोबत छापलेल्या तक्त्यातील एका चुकीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. विधान असे की, जिभेने छिद्रे झाकून वाजवण्याची पद्धत, जिला वादक टंग ब्लॉकिंग म्हणतात, ती आता कालबाह्य झाली असून नवशिक्यांनी तिच्या वाटेला न जाता ओठांचा चंबू करून एकेक स्वर काढावा, आणि हौस उरलीच तर जिभेचे खेळ पुढे कधीतरी करून पाहावेत. तक्त्याकडे मी पत्राच्या शेवटी येते.

मी ३१ वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे; संगीत शिकवण्याचा अधिकार मला नाही आणि तसा आवही मी आणत नाही. परंतु माझे लहानपण लालबागच्या चाळीत गेले, वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, आणि त्यांच्याकडे २४ खान्यांचा, दुहेरी पत्त्यांचा एक जर्मन बाजा होता. अशा बाजात प्रत्येक स्वराला वर एक आणि खाली एक अशा दोन पत्त्या, म्हणजे श्वासाच्या हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, असतात. त्या एकमेकींपासून किंचित फरकाने लावलेल्या असतात, म्हणून त्या एकत्र वाजल्या की सूर थरथरल्यासारखा ऐकू येतो. वडील रात्रपाळी नसली की गॅलरीत बसून वाजवत, आणि आतल्या खोलीतून ऐकताना मला कित्येक दिवस असे वाटे की बाहेर दोन माणसे बसली आहेत, एक चाल वाजवतो आणि दुसरा पेटीसारखा मागे ठेका धरतो. एकदा मी विचारले, तेव्हा त्यांनी बाजा तोंडातून काढला, जीभ बाहेर काढून दाखवली आणि म्हणाले, “हा दुसरा.” त्या बाजाच्या पेटीत एक घडी घातलेले इंग्रजी पत्रक होते. त्यावर तोंडाचे एक चित्र होते, चार खाने आणि त्यांतल्या तिघांवर काळी रंगवलेली जीभ. मी मात्र त्या वयात ओठांचा चंबू करूनच शिकले आणि पुढे ४० वर्षे तशीच वाजवत राहिले. जिभेची पद्धत मी निवृत्त झाल्यावर, वयाच्या ५९व्या वर्षी, हातात घेतली. त्यामुळे दोन्ही पद्धतींचा मला अनुभव आहे, आणि दुसरी उशिरा शिकल्याची किंमतही मी मोजली आहे.

आधी नावाविषयी थोडेसे. टंग ब्लॉकिंगला मराठीत प्रतिशब्द करायचा मोह मलाही झाला होता, पण “जिव्हारोध” म्हटले की घशाचा डॉक्टर गाठावासा वाटतो. तेव्हा मी आपली “जीभ लावून वाजवणे” असेच म्हणते. त्यात होते ते इतकेच. ओठांच्या पद्धतीत ओठ आवळून ते एकाच छिद्रापुरते उघडे ठेवायचे असतात. जिभेच्या पद्धतीत ओठ सैल सोडून एकदम चार छिद्रे तोंडात घ्यायची, डावीकडची तीन जिभेने झाकायची आणि जिभेच्या उजव्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यापाशी, जी फट राहते तिच्यातून एकच स्वर काढायचा. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. लेखात या पद्धतीला “दिसायला ओबडधोबड” असे जे म्हटले आहे, ते कशाच्या आधारावर, हे मला समजले नाही. दिसण्याचाच प्रश्न असेल, तर चंबू केलेल्या ओठांचे छायाचित्र पुरवणीत छापून पाहावे.

आता मुख्य मुद्दा. ही पद्धत कालबाह्य म्हणणे म्हणजे बाजाच्या रचनेकडे न पाहता बोलणे होय. पांढरी एक या पट्टीचा, म्हणजे वर इंग्रजी सी कोरलेला, दहा छिद्रांचा साधा बाजा हातात घ्यावा. त्याच्या चौथ्या ते सातव्या छिद्रांत एक पुरे सप्तक मिळते. पहिल्या तीन छिद्रांत मात्र फुंकल्यावर सा, ग, प आणि ओढल्यावर, म्हणजे बाजातून श्वास आत घेतल्यावर, रे, प, नी एवढेच मिळते. म आणि ध तेथे नाहीतच. उलट प मात्र दोनदा आहे, तिसऱ्यात फुंकून आणि दुसऱ्यात ओढून. आपल्याकडे हा बाजा विकत घेणारा जवळजवळ प्रत्येकजण पहिल्या आठवड्यात हीच तक्रार करतो की, खालच्या सप्तकात बाजा अपुरा आहे, आणि मग ती तीन छिद्रे तो जन्मभर वापरत नाही. पण म आणि ध तेथून कोणी विसरून गाळलेले नाहीत. ते जागेवर असते, तर पहिली चार छिद्रे एकदम ओढल्यावर नुसता गोंगाट झाला असता. ते नाहीत म्हणून ओढल्यावर रे-प-नी-रे असा सुसंवादी स्वरमेळ मिळतो आणि फुंकल्यावर सा-ग-प-सा. ज्या युरोपीय लोकगीतांसाठी रिश्टर नावाने ओळखली जाणारी ही रचना रूढ झाली, त्यांतल्या बहुसंख्य चालींना एवढे दोन स्वरमेळ साथीला पुरतात. चाल उजव्या कोपऱ्यातून वाजत राहावी आणि ठेक्यावर जीभ क्षणभर उचलली की डावीकडचा स्वरमेळ आपोआप वाजावा, अशी ही योजना आहे. कीर्तनकार एका हातात एकतारी आणि दुसऱ्या हातात चिपळ्या घेऊन उभा राहतो, तसे येथे एकच तोंड दोन कामे करते. जिभेचा विचार वजा केला, तर खालची तीन छिद्रे खरोखरच अडगळ ठरतात. आणि मग दोष आपण बाजाला देतो.

ही विद्या शिकणे अवघड आहे, हे मी मुळीच नाकारत नाही. लेखिकेने सावधगिरीचा सल्ला दिला, त्यामागे हीच अडचण असावी. पण ती अडचण नेमकी कोठे आहे, हे सांगितले असते तर वाचकांना अधिक उपयोग झाला असता, म्हणून माझ्या अनुभवातून तेवढे नोंदवते.

पहिला धडा असा. तोंड जांभई देताना उघडतो त्याच्या निम्मे उघडावे, बाजा ओठांच्या टोकाशी न धरता ओठांच्या आतल्या ओलसर भागापर्यंत आत घ्यावा, आणि पहिली चार छिद्रे हळुवार फुंकावीत. सा, ग, प आणि वरचा सा एकदम वाजतात. फुंकर न थांबवता जीभ पुढे आणून टेकवावी; टोक नव्हे, टोक किंचित खाली वळवून त्याच्या मागचा वरचा भाग. जागा बरोबर सापडली, तर चार दिव्यांतले तीन विझावेत तसे खालचे तीन स्वर थांबतात आणि चौथा तेवढा राहतो. जीभ उचलावी, चारही वाजतात. टेकवावी, एक उरतो. दम संपेपर्यंत हेच करावे आणि मग तीच चार छिद्रे ओढून करावे. चाल नको, सरगम नको, गाणे तर नकोच. मी हे तीन आठवडे केले, आणि त्या तीन आठवड्यांत आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी जी सहनशीलता दाखवली, तिचा उल्लेख करणे माझे कर्तव्य आहे.

या टप्प्यावर जवळजवळ सर्वांकडून होणारी चूक म्हणजे जीभ दाबणे. आपल्याला वाटते, छिद्र बंद करायचे म्हणजे बूच घट्ट बसले पाहिजे. वस्तुतः छिद्र बंद व्हायला जिभेचा ओलसर स्पर्श पुरतो. दाबली की ती रुंदीने पसरते, उजवीकडची फटही बुजते आणि स्वर घुसमटतो. मग शिकणारा आणखी जोराने फुंकतो, पत्ती आणखी अडते, आणि दहा मिनिटांत जिभेच्या मुळाशी कळ येते. दुसरी चूक याच्या उलट, जीभ टोकाशी निमुळती करणे. अशा वेळी चौथ्याबरोबर तिसरे छिद्रही थोडेसे उघडे राहते आणि सा च्या पाठीमागे प कुरकुरत राहतो. आपण काढलेला स्वर खरोखरच एकटा आहे की नाही, हे कानाला कळत नसेल, तर दोन्ही हातांच्या तर्जनींनी तिसरे आणि पाचवे छिद्र झाकून चौथे फुंकावे. निव्वळ चौथा स्वर कसा ऐकू येतो ते एकदा कानात बसले की बोटे काढून तोच आवाज जिभेने शोधावा. ही युक्ती मला कोणी वर्गात सांगितली नाही. ज्या वर्गात मी नाव घातले होते, तेथील तरुण शिक्षक पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “काकू, या वयात जिभेला एवढा व्यायाम कशाला?” ३१ वर्षे वर्गात बोलण्यात घालवलेल्या बाईच्या जिभेला व्यायामाची सवय नसेल असे त्यांना का वाटले, हे मला अजून उमगलेले नाही.

जिभेला जागा सापडायला बाजा हातात असणे आवश्यक नाही, हेही मला योगायोगाने कळले. त्या काळात मी आठवड्यातून दोनदा बोरिवलीहून दादरला मुलीकडे जात असे. तोंड मिटून, खालच्या दातांच्या आतल्या बाजूने जीभ तीन दातांइतकी डावीकडे टेकवायची आणि उजवीकडे फट ठेवून श्वास घ्यायचा, असा सराव मी विरार लोकलच्या महिला डब्यात अंधेरी ते वांद्रे उभ्याने करत असे. समोरच्या बाईंनी एकदा अत्यंत काळजीने विचारले की, दाढ दुखते आहे का. मी हो म्हटले. खरे सांगितले असते तर अधिक प्रश्न आले असते.

एक स्वर नीट येऊ लागला की पुढचा आणि माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोलाचा भाग सुरू होतो, तो म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवणे. येथे जीभ डावीकडे न ठेवता मध्ये ठेवायची आणि दोन्ही कोपरे उघडे राखायचे. पहिले आणि चौथे छिद्र उघडे, दुसरे आणि तिसरे झाकलेले: मंद्र सा आणि मध्य सा. चौथे आणि सातवे: मध्य सा आणि तार सा. ओठांचा चंबू करणाऱ्याने कितीही साधना केली, तरी हा आवाज त्याच्या तोंडातून निघणे शक्य नाही, कारण एका भोकातून दोन वाटा फुटत नाहीत. आता मेख अशी आहे की, फुंकताना सगळीकडे दोनच छिद्रे झाकावी लागतात, पण ओढताना वरच्या भागात तसे चालत नाही. चौथ्यात ओढून रे मिळतो. त्याचा वरचा रे सातव्यात नाही, आठव्यात आहे. म्हणून फुंकून सा वाजवताना दोन छिद्रे झाकणारी जीभ लगेच ओढून रे वाजवताना तीन छिद्रे झाकण्याइतकी रुंद करावी लागते आणि त्याच वेळी तोंडही एका छिद्राने मोठे करावे लागते. परत ग फुंकताना पुन्हा आखूड. हे विसरून चौथे आणि सातवे तसेच ओढले, तर रे च्या जोडीला नी वाजतो. मी महिनाभर तो नी वाजवत होते आणि बाजाच्या पत्त्या उतरल्या असे समजून दुकानदाराला दोष देत होते. बारा छिद्रांच्या, बाजूला कळ असलेल्या क्रोमॅटिक बाजावर ही कसरत नाही. तेथे फुंकताना आणि ओढताना दोन्ही वेळा तीनच छिद्रे झाकायची असतात. तरीही मी साध्या बाजाचाच आग्रह धरीन, कारण एकदा जीभ आखूड-रुंद करायला शिकली की क्रोमॅटिकवर तिला काही शिकवावे लागत नाही.

येथे मराठीच्या शिक्षिकेने थोडे व्याकरण सांगितले तर वाचक क्षमा करतील. ओठांच्या पद्धतीत जीभ मोकळी असते, त्यामुळे एकच स्वर पुन्हा पुन्हा तोडून वाजवायचा असेल तर ती “त, त, त” करते. जीभ बाजावर टेकवलेली असताना त हा दंत्य वर्ण उच्चारताच येत नाही, हे कोणालाही करून पाहता येईल. मग स्वर तोडायचा कसा? त्याचे उत्तर कंठ्य वर्णांत आहे: जिभेचा पुढचा भाग जागेवर ठेवून मागच्या भागाने “क” म्हणायचे, किंवा नुसत्या छातीच्या धक्क्याने “ह” म्हणायचे. पहिले काही दिवस हे गुळण्या केल्यासारखे ऐकू येते. अतिद्रुत लयीत त आणि क आलटून पालटून वापरण्याची जी सोय ओठांच्या पद्धतीत आहे, ती येथे नाही, हा या पद्धतीचा खरा उणेपणा आहे आणि तो मी मान्य करते. त्याची थोडी भरपाई अशी की, येथे जीभ उचलणे आणि टेकवणे हेच तालवाद्य होते. चारही छिद्रे फुंकून लगेच जीभ सपकन टेकवली, तर स्वराच्या आधी स्वरमेळाचा एक ठोसा ऐकू येतो. शिकागोच्या ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकाराच्या वादकांच्या बाजाला जे भरदार वजन आहे, विशेषतः लिटल वॉल्टर (१९३०-१९६८) यांच्या वादनात, ते पुष्कळसे या जिभेच्या सपकाऱ्यातून आलेले आहे. आणि ही केवळ ब्लूजवाल्यांची रीत नव्हे. पाश्चात्य अभिजात संगीताच्या मैफलींत हे वाद्य सन्मानाने नेणारे टॉमी रायली (१९१९-२०००) हेही जीभ लावूनच वाजवत. त्या संगीतात दूरच्या दोन स्वरांमध्ये झेप घ्यायची असेल, तर बाजा न हलवता जीभ डावीकडून उजवीकडे सरकवतात. उजवा कोपरा बंद होतो, डावा उघडतो आणि चार-पाच छिद्रांचे अंतर आवाज न तुटता ओलांडले जाते.

लेखात आणखी एक समज ओझरता आला आहे की, जीभ लावली की स्वर खाली वाकवता, म्हणजे त्याच छिद्रातून त्याच्याखालचा स्वर काढता, येत नाही. हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. दुसऱ्या छिद्राच्या ओढीतून म, किंवा तिसऱ्याच्या ओढीतून ध आणि दोन्ही कोमल स्वर काढायचे, तर काम जिभेच्या टोकाचे नसून मागच्या भागाचे आणि घशाचे असते. तो भाग तर येथेही मोकळाच आहे. अवघड आहे खरे. मला तिसऱ्या छिद्रातला कोमल ध आजही दहांतल्या चार वेळाच सापडतो.

मी एकांगी लिहिते आहे असे वाटू नये, म्हणून आपल्या संगीताच्या दृष्टीने असलेली खरी अडचण सांगते, जिचा लेखात उल्लेखच नाही. जीभ उचलल्यावर डावीकडून जो स्वरमेळ येतो, तो आपण निवडलेला नसतो. फुंकताना त्यात शुद्ध ग असतोच. म्हणून भैरवीच्या वळणाची चाल वाजवताना सवयीने जीभ उचलली, तर कोमल गंधाराच्या घरात शुद्ध गंधार पाहुणा येतो आणि सगळा बेरंग होतो. भूपातही निश्चिंत राहता येत नाही: फुंकताना सा-ग-प शोभतात, पण खालच्या छिद्रांवर रे ओढताना जीभ उचलली की तिसऱ्या छिद्रातला नी डोकावतो, आणि भूपात नी चालत नाही हे पहिल्या परीक्षेला बसलेले मूलही सांगेल. तेव्हा अशा ठिकाणी जीभ टेकलेलीच ठेवावी, किंवा केवळ दोन सप्तकांतला जोडस्वर घ्यावा. ज्यांना रागदारीच वाजवायची आहे, त्यांना एकेरी स्वर, मींड आणि गती यांसाठी ओठांची पद्धत अधिक सोयीची वाटली, तर माझी काहीही हरकत नाही. साध्या बाजावर ओव्हरब्लो नावाच्या तंत्राने सगळे बारा स्वर काढणाऱ्यांनाही ओठच जवळचे वाटतात. माझा आक्षेप ओठांना नाही. जिभेला निवृत्त करण्याला आहे.

“आधी ओठ, मग कधीतरी जीभ” हा क्रम ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण माझा सारा अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. ४० वर्षे ओठ आवळण्याची सवय झालेल्या तोंडाला नवी सवय लावताना अडचण शिकण्याची नसते, विसरण्याची असते. सावकाश वाजवताना माझी जीभ जागेवर असे. चालीला जरा गती आली की ओठ माझ्या नकळत चंबू होत आणि जीभ मागे सरके. पहिला स्वच्छ स्वर मला एका महिन्यात मिळाला, पण एक साधी चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत जीभ लावून वाजवायला आठ महिने लागले, आणि त्यांतले निम्मे तरी जुनी सवय मोडण्यात गेले. आमच्या इमारतीतला नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याबरोबरच शिकू लागला होता. त्याला कोणतीच सवय नव्हती, त्यामुळे तो दोन्ही पद्धती अडीच महिन्यांत वापरू लागला आणि कोणती कोठे वापरतो हे त्याला विचारले तर सांगता येत नाही. पोहायला शिकणाऱ्याला आपण पहिली पाच वर्षे फक्त डाव्या कुशीवर पोह असे सांगत नाही.

मुंबईकरांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. जीभ लावून वाजवताना बाजा अधिक आत जातो, म्हणून त्यात लाळही अधिक जाते. आपल्या पावसाळ्यात लाकडी कंगवा, म्हणजे छिद्रे ज्यात कोरलेली असतात तो मधला भाग, या ओलाव्याने फुगतो आणि त्याच्या कडा पत्त्यांच्या पुढे येतात. मग जीभ अक्षरशः सोलून निघते. जुलै महिन्यात मी दोन दिवस आमटी-भात गार करून खाल्ला आहे. शिकण्यासाठी प्लास्टिकचा कंगवा असलेला बाजा घ्यावा, प्रत्येक वादनानंतर छिद्रे खाली करून तळहातावर चार वेळा ठोकावा आणि लगेच डबीत बंद न करता थोडा वेळ उघडा ठेवावा. दुसरे असे की, २४ खान्यांच्या दुहेरी बाजावर खाने लहान आणि दोन ओळींत असल्यामुळे चाराऐवजी पाच-सात खाने तोंडात घ्यावे लागतात आणि जिभेने दोन्ही ओळी झाकाव्या लागतात. आपल्याकडे मुलांना हाच बाजा भेट म्हणून मिळतो, कारण त्याचा थरथरता सूर लगेच गोड लागतो. त्यावरही जीभ लावता येते, माझे वडील तेच करत होते. पण पुस्तकातले किंवा वर्गातले दहा छिद्रांचे आकडे त्याला लागू पडत नाहीत, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

१९५८ सालच्या देव आनंद यांच्या एका चित्रपटात आगगाडीतल्या गाण्यावर राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला माउथ ऑर्गन ऐकून या शहरातल्या कितीतरी मुलांनी वडिलांकडे या बाजासाठी हट्ट धरला असेल. तशी मुले आजही आहेत, असे लेखानंतर माझ्या पाहण्यात आले, आणि म्हणूनच आता तक्त्याविषयी.

तक्त्यात पहिल्या छिद्रापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी “फुंकून खालचा स्वर, ओढून वरचा स्वर” असा क्रम धरून चालल्याने सातव्या छिद्रासमोर “फुंकून नी, ओढून सा” असे छापले गेले आहे. सहाव्या छिद्रापर्यंत हा क्रम खरा आहे. सातव्यापासून तो उलटा होतो. सातव्यात ओढल्यावर नी आणि फुंकल्यावर तार सा वाजतो. तसेच आठव्यात ओढून रे, फुंकून ग. नवव्यात ओढून म, फुंकून प. आणि दहाव्यात ओढून ध, फुंकून वरचा सा. ही दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर ठळक छापावी, अशी माझी विनंती आहे. आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ मंगळवारी मुलीचा नवा कोरा बाजा परत करायला धोबी तलावच्या एका दुकानात निघाले होते, कारण तक्त्याप्रमाणे सातव्यात फुंकले तरी नी येत नव्हता. मी त्यांना जिन्यातच थांबवले आणि तक्त्यावर पेनाने दुरुस्ती करून दिली. बाजा उत्तम आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
बोरिवली, मुंबई